रॉय जोन्स ज्युनियर: वेग, कसब आणि इतिहासातली जागा

प्रश्न असा आहे: रॉय जोन्स ज्युनियरला काही जण आजवरचा सर्वांत कसबी बॉक्सर मानतात. उलट काही जण म्हणतात की त्याच्याकडे फक्त उपजत वेग होता, पाया कच्चाच होता, आणि २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरच्या एका डाव्या ठोशाने ते उघडं पडलं. मग त्याचं कौशल्य नेमकं किती होतं आणि इतिहासात त्याला कुठे बसवायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं त्या अंगाने वाचता येईल. जोन्सचं कसब त्याचे टीकाकार समजतात त्याहून बरंच मोठं होतं. पण ते सगळं कसब लढण्याच्या एकाच पद्धतीभोवती उभं होतं, आणि त्या पद्धतीला असामान्य वेगाचा टेकू लागत होता. वेग ओसरला तेव्हा वापरायला दुसरी पद्धत त्याने कधी तयारच केली नव्हती. इतिहासातली त्याची जागा ठरवताना या दोन्ही गोष्टी मोजायला हव्यात. बहुतेक वाद होतात ते यातली एकच मोजल्यामुळे.

आधी कसबाचं बोलू.

बॉक्सिंग शिकवताना लढतीत हातांआधी पाय बघायची सवय लागते. जोन्सच्या चित्रफिती तशा पाहिल्या की पहिली गोष्ट दिसते ती त्याची उभं राहायची जागा. तो समोरच्याच्या पल्ल्याच्या जेमतेम अर्धं पाऊल बाहेर उभा असतो. फार लांब नाही, कारण मग समोरचा निर्धास्त होतो; आणि आतही नाही. हे अर्धं पाऊल प्रत्येक क्षणी राखायचं, समोरचा पुढे आला की तेवढंच मागे, तो थबकला की तेवढंच पुढे, हे निव्वळ वेगाने जमत नाही. त्यासाठी अंतराचा अंदाज लागतो आणि तो अंदाज लहानपणापासून हजारो फेऱ्या सराव करून येतो. जोन्सचे वडील रॉय जोन्स सीनियर स्वतः व्यावसायिक बॉक्सर होते, पुढे जगज्जेता झालेल्या मार्विन हॅगलरशी लढलेले. फ्लोरिडातल्या पेन्साकोलात त्यांनी मुलाला अतिशय कठोरपणे घडवलं. बापलेकांचं पुढे बिनसलं, पण या मुलाला कोणी शिकवलंच नाही, त्याला सगळं जन्मजात मिळालं, असं म्हणणं त्या वर्षांवर अन्याय करणारं आहे.

दुसरी गोष्ट हूल. आपल्या खेळात नवशिक्याला शिकवतात की आधी जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारा. जॅब अंतर मोजतो, समोरच्याचे हात अडकवतो, मग मागचा हात सोडायचा. जोन्स जॅब फार कमी वापरायचा. तो सरळ डाव्या हुकनेच सुरुवात करायचा, नाहीतर मागच्या उजव्या हाताने. पहिलाच ठोसा हुक म्हणजे कुठल्याही प्रशिक्षकाच्या पोटात गोळा. हुकची वाट वळणाची असते, तो पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरच्याचा सरळ उजवा हात आखूड वाटेने थेट हनुवटीवर येऊ शकतो. जोन्सला हे जमत होतं कारण त्या हुकच्या आधी तीन-चार हुली झालेल्या असायच्या: कधी खांद्याची, कधी डोक्याची, कधी नुसता गुडघा किंचित वाकवून दाखवलेली. पहिल्या हुलीला समोरचा हात हलवतो. दुसऱ्या हुलीला मागे सरतो. तिसऱ्या वेळी त्याला वाटतं की ही पण हूलच, आणि तो जागच्या जागी बघत राहतो. जोन्सची झेप नेमकी त्या वेळी यायची: मागच्या पायाच्या चवड्यावर रेटा, आणि पुढचा पाय जमिनीला टेकतो त्याच क्षणी हुक लागलेला. चित्रफीत सावकाश करून पाहिली तर प्रतिस्पर्ध्याचे डोळे उघडे असतात, त्याला ठोसा दिसत असतो, पण पाय हललेले नसतात. ते पाय हुलींनी बांधून ठेवलेले होते. वेगामुळे ठोसा लवकर पोहोचला हे खरं, पण समोरच्याला आधी गोठवलं कोणी?

जून १९९५ मध्ये विनी पझिएन्झाविरुद्धच्या लढतीत एक पूर्ण फेरी अशी गेली की कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत पझिएन्झाचा एकही ठोसा लागला नाही. ती चौथी फेरी. ही मोजणी माणसं डोळ्यांनी पाहून बटणं दाबून करतात, म्हणून दहा-पाच ठोशांच्या फरकावरून मी कधी निष्कर्ष काढत नाही. पण शून्य म्हणजे शून्य. लोक ती फेरी जोन्सच्या चपळाईचा पुरावा म्हणून दाखवतात. मला त्यात वेगळंच दिसतं. पझिएन्झाने त्या फेरीत ठोसे फेकलेच अगदी मोजके. एरवी सतत हात चालवत राहणारा, पराकोटीचा धीट बॉक्सर तो. त्याने हात सोडायचंच बंद केलं होतं, कारण हात सोडला की परत काय येईल हे त्याला तीन फेऱ्यांत कळून चुकलं होतं. बॉक्सरच्या दर्जाची माझी पहिली कसोटी हीच आहे: समोरच्या चांगल्या बॉक्सरने लढतीत काय करायचं सोडून दिलं?

या कसोटीवर जोन्सची सर्वांत मोठी लढत म्हणजे १८ नोव्हेंबर १९९४ची, लास व्हेगासमधली, जेम्स टोनीविरुद्धची. टोनी तेव्हा आयबीएफ या जागतिक संघटनेचा सुपर मिडलवेट (१६८ पौंड) गटाचा विजेता होता, अपराजित, ४४ विजय आणि दोन बरोबरी. आणि तो मोठा कसबी होता. खांद्याआडून लढणारा, समोरच्याचा ठोसा खांद्यावरून घरंगळत सोडून त्याच झोक्यात उजवा हात परत देणारा. अशा बॉक्सरला हरवायचं तर त्याला परतीचा ठोसा मारायची संधीच द्यायची नसते, पण स्वतः मारलं नाही तर जिंकणार कसं? जोन्सने यावर काढलेला तोडगा फार सुंदर होता. तो मारायचा आणि ठोसा लागतो न लागतो तोच टोनीच्या उजव्या हाताच्या रेषेतून बाजूला गेलेला असायचा. टोनी परत मारायला वळेपर्यंत समोर कोणी नसायचं. तिसऱ्या फेरीत टोनी हात खाली सोडून खिजवत होता. जोन्सने झेप घेऊन डावा हुक मारला आणि टोनी दोरांकडे कोलमडला. परीक्षकांचे गुण होते ११९-१०८, ११८-१०९ आणि ११७-११०. वजन उतरवताना टोनीची दमछाक झाली होती, हे खरं आहे आणि मोजायलाही हवं. पण दमलेला टोनीसुद्धा त्या काळात दुसऱ्या कोणाकडून असा एकतर्फी हरला असता, असं मला वाटत नाही.

म्हणून ‘नुसता वेग’ हे म्हणणं मी मान्य करत नाही. वेगवान मुलं प्रत्येक पिढीत असतात. बहुतेकांचा वेग पहिल्या चार फेऱ्यांत समोरच्याला कळतो आणि मग त्याची सवय होते. जोन्सच्या वेगाची सवय कोणाला झाली नाही, कारण तो एका तालात कधी लढलाच नाही. थांबायचा, एकदम तीन हुक सलग मारायचा, पुन्हा थांबायचा. त्याला कोंबडे पाळायचा नाद होता आणि त्यांच्या झुंजीतून आपण चाली उचलल्या असं तो सांगायचा. फेब्रुवारी २००२ मध्ये ग्लेन केलीविरुद्ध त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, केलीने ठोसा टाकताच तो चुकवला आणि तिथूनच उजवा हात असा मारला की लढत संपली. मुलं ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघतात. मी सांगतो, ती बघा, पण ती त्याची थोरवी नव्हे. एप्रिल १९९८ मध्ये व्हर्जिल हिलच्या बरगड्यांवर मारलेला उजवा ठोसा बघा. हिलचा जॅब उत्तम होता. जोन्सने त्या जॅबच्या वेळेलाच खाली जाऊन, उघड्या पडलेल्या कुशीत ठोसा घातला. चौथ्या फेरीत लढत आटोपली. वेळ, कोन आणि अंतर तिन्ही तंतोतंत.

आता दुसरी बाजू, आणि इथे मला जोन्सच्या भक्तांशी भांडावं लागतं.

जोन्सचा बचाव मुख्यतः दोन गोष्टींवर चालायचा: पाय आणि मागे झुकणं. हात खाली, मांड्यांजवळ. ठोसा आला की कमरेतून सरळ मागे. हातांनी अडवणं, कोपरांनी झाकणं, जवळ येऊन मिठीत समोरच्याचं वजन झेलणं, दोरांना पाठ लागल्यावर वळून निसटणं, या गोष्टी त्याला येत नव्हत्या असं नाही. पण त्यांची त्याला गरजच पडत नसे, आणि गरज न पडलेली गोष्ट सरावातूनही हळूहळू सुटते. सरळ मागे झुकण्यात एक धोका आहे, जो सगळ्यांना शिकवला जातो. पहिला ठोसा चुकतो, पण आता वजन टाचांवर गेलेलं असतं आणि डोकं त्याच रेषेवर असतं. दुसरा ठोसा लांब असेल तर तो तिथेच येऊन बसतो. समोरचा डावखुरा असेल तर त्याचा मागचा, जोरकस डावा हात नेमका त्या रेषेवरून येतो.

हा धोका टार्व्हरच्या आधी बराच काळ दिसत होता. जुलै १९९८ मध्ये डावखुऱ्या लू डेल व्हॅलेने आठव्या फेरीत डाव्या हातानेच जोन्सला त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पाडलं. जोन्स उठला, लढत सहज जिंकला, आणि सगळे ते विसरले. त्याआधी मार्च १९९७ मध्ये माँटेल ग्रिफिनने त्याला आठ फेऱ्या अडचणीत ठेवलं होतं. ग्रिफिन बुटका होता, वाकून लढायचा, आणि मुख्य म्हणजे तो जोन्सच्या मागे धावला नाही. जोन्सला हुलीवर भाव देणारा माणूस हवा असायचा. ग्रिफिनने तो भाव दिला नाही. त्याच्या कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून एडी फच होते. १९७३ मध्ये केन नॉर्टनला मुहम्मद अलीविरुद्ध जिंकायला ज्यांनी तयार केलं, तेच फच. हात खाली ठेवून मागे झुकणाऱ्या माणसाला काय जड जातं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! नवव्या फेरीत ग्रिफिन गुडघ्यावर बसलेला असताना जोन्सने त्याला मारलं आणि नियमभंगासाठी जोन्स अपात्र ठरला. ऑगस्टमध्ये परत लढले तेव्हा जोन्सने त्याला पहिल्याच फेरीत गारद केलं. त्या पुनर्लढतीने लोकांचे डोळे इतके दिपले की पहिल्या लढतीत दिसलेली गोष्ट कोणी पुन्हा तपासली नाही. प्रशिक्षक म्हणून मला ती पहिली लढत जोन्सच्या सगळ्या विजयांइतकीच महत्त्वाची वाटते.

अलीचं नाव आलंच आहे, तर तुलना करू. तरुणपणी अलीही हात खाली ठेवायचा, मागे झुकायचा, पायांवर जगायचा. १९६७ ते १९७० या बंदीच्या वर्षांनंतर त्याचे पाय पूर्वीचे राहिले नाहीत. मग तो काय करू लागला? मिठीत मान दाबून समोरच्याला थकवू लागला, दोरांना टेकून हातांवर आणि कोपरांवर ठोसे झेलू लागला, फेरीचा शेवटचा अर्धा मिनिट स्वतःच्या नावावर करू लागला. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला त्याने आठव्या फेरीत हरवलं ते या दुसऱ्या अलीने. त्याची हनुवटीही विलक्षण कणखर होती, ती कोणाला शिकवता येत नाही. जोन्सची हनुवटी तशी नव्हती, आणि दुसरा जोन्सही तयार झाला नाही. टार्व्हरविरुद्धच्या पहिल्या लढतीत, नोव्हेंबर २००३ मध्ये, तोही दोरांना टेकून राहिला. पण तिथे बसून काही करण्यासाठी नव्हे. पाय तिथवरच नेत होते म्हणून. शेवटच्या फेऱ्यांत जिद्दीने हात चालवून त्याने ती लढत बहुमताने जिंकली. ती जिद्द मला त्याच्या कित्येक झगमगीत विजयांपेक्षा मोलाची वाटते, कारण त्या रात्री त्याच्याजवळ नेहमीचं काहीच नव्हतं.

१५ मे २००४ला दुसरी लढत झाली. दुसऱ्या फेरीत जोन्सने उजवा हात सोडला, त्याच क्षणी टार्व्हरने वरून डावा सोडला, आणि संपलं. सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने त्याला नवव्या फेरीत असं पाडलं की तो बराच वेळ कॅनव्हासवर पडून होता. चार महिन्यांत दोन नॉकआउट.

हे एकाएकी का घडलं? मार्च २००३ मध्ये हेवीवेट विजेत्या जॉन रुइझशी लढण्यासाठी जोन्सने वजन १९३ पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ८७ किलोंवर नेलं होतं. त्यानंतर काही महिन्यांतच तो लाइट हेवीवेटच्या १७५ पौंडांवर परत आला. चढवलेलं वजन बहुतांश स्नायूंचं असेल तर ते उतरवताना शरीर ओरबाडलं जातं, आणि पहिल्यांदा जातो तो पायांतला झटका आणि प्रतिक्रियेची धार. वयही पस्तिशीचं. माझ्या मते वजनाने उतरण घाईची केली, निर्माण केली नाही. ग्रिफिन आणि डेल व्हॅले १७५ पौंडांवरच भेटले होते, आणि तेव्हा तो ऐन भरात होता.

आता इतिहासातली जागा. इथे कसब पुरत नाही. कोणाला, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत हरवलं, हे लागतं. अधिकृत निकालावरही डोळे झाकून विसंबता येत नाही, आणि हे शिकवणारं सगळ्यांत कडू उदाहरण खुद्द जोन्सचंच आहे. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत त्याने दक्षिण कोरियाच्या पार्क सी-हुनला तीन फेऱ्या मनसोक्त मारलं. मोजणीत ८६ विरुद्ध ३२ ठोसे. तरी ३-२ अशा निर्णयाने सुवर्ण पार्कला मिळालं. त्याच स्पर्धेतला सर्वोत्तम शैलीचा बॉक्सर म्हणून व्हॅल बार्कर करंडक मात्र जोन्सला दिला गेला. पुढच्या ऑलिंपिकपासून गुण मोजायला इलेक्ट्रॉनिक पद्धत आली, त्यामागे या लढतीचा मोठा हात होता. २०२३ मध्ये पार्क स्वतः पेन्साकोलाला जाऊन ते पदक जोन्सच्या हाती देऊन आले. पार्कबद्दल मला आदर वाटतो. निर्णय त्याने दिला नव्हता, आणि ओझं मात्र आयुष्यभर त्याने वाहिलं.

व्यावसायिक नोंदीत जोन्सची दोन नावं सोन्याची: टोनी आणि बर्नार्ड हॉपकिन्स. मे १९९३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये त्याने हॉपकिन्सला तिन्ही परीक्षकांकडून ११६-११२ असं हरवलं आणि आयबीएफचं रिकामं मिडलवेट विजेतेपद मिळवलं. हॉपकिन्स तेव्हा पुरता पिकलेला नव्हता. पुढे त्याने त्याच वजनगटात विजेतेपद दहा वर्षं राखलं आणि ४९व्या वर्षीही तो विजेता होता. अशा विजयाचं मोल किती धरायचं? मी पूर्ण धरत नाही, पण बरंच धरतो, कारण हॉपकिन्सची घट्ट बचावाची, संयमाची मूळ शैली तेव्हाही तीच होती, आणि जोन्सनेही तेव्हा कळस गाठलेला नव्हता. एप्रिल २०१० मध्ये दोघे पुन्हा भेटले, हॉपकिन्स ४५चा, जोन्स ४१चा, आणि हॉपकिन्स जिंकला. त्या लढतीवरून कोण श्रेष्ठ हे ठरवू नये. पण एक गोष्ट तिच्यातून निश्चित कळते: चार वर्षांनी मोठा असलेला माणूस अजून लढू शकत होता आणि धाकटा नव्हता. एकाचं कसब वयाबरोबर टिकेल असं घडवलेलं होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

मग येतो रुइझ. १ मार्च २००३ला जोन्सने २२६ पौंडांच्या रुइझला सहज हरवून डब्ल्यूबीए या संघटनेचं हेवीवेट विजेतेपद घेतलं. मिडलवेटच्या माजी जगज्जेत्याने हेवीवेटचं विजेतेपद मिळवण्याची गोष्ट त्याआधी १८९७ मध्ये घडली होती, जेव्हा बॉब फिट्झसिमन्सने जेम्स कॉर्बेटला पाडलं. एवढं वजन चढवून, तीसहून जास्त पौंड जड माणसासमोर बारा फेऱ्या त्याच अर्ध्या पावलावर उभं राहायचं, हे अचाट धैर्य आहे. पण फिट्झसिमन्सशी बरोबरी करताना भान हवं. कॉर्बेट हा तेव्हाचा एकमेव विजेता होता. २००३ मध्ये हेवीवेटचा खरा राजा लेनॉक्स लुइस होता आणि रुइझकडे चार संघटनांच्या विजेतेपदांच्या पट्ट्यांपैकी एकच होता. मला जास्त योग्य तुलना वाटते ती मायकेल स्पिंक्सची. १९८५ मध्ये स्पिंक्स लाइट हेवीवेटवरून वर गेला आणि थेट लॅरी होम्सला, ४८-० अशी नोंद असलेल्या खऱ्या विजेत्याला हरवून आला. स्पिंक्सकडे जोन्सचा दहावा हिस्साही झगमगाट नव्हता. तरीही नुसत्या वजन ओलांडण्याच्या पराक्रमात मी त्याला वर ठेवतो.

जोन्सने मोठ्या लढती टाळल्या, हा आरोप अर्धा खरा आहे. सुपर मिडलवेटला नायजेल बेन, ख्रिस यूबँक, स्टीव्ह कॉलिन्स हे सगळे त्याच काळात होते आणि एकाशीही लढत झाली नाही. लाइट हेवीवेटला दारिउश मिखालचेव्स्की होता. १९९७ मध्ये त्याने व्हर्जिल हिलला हरवलं, तेव्हा त्या गटाचा परंपरेने चालत आलेला, आधीच्या विजेत्याला हरवूनच मिळणारा मान त्याच्याकडे गेला. जोन्सकडे पट्टे जमले, हा मान आला नाही. मिखालचेव्स्की जर्मनी सोडायला तयार नाही, जोन्स अमेरिका सोडायला तयार नाही. सोलचा अनुभव घेतलेल्या माणसाने परक्या परीक्षकांसमोर जायला कचरावं, हे मी समजू शकतो, पण इतिहास समजून घेत बसत नाही. न झालेली लढत कोऱ्या जागी तशीच राहते. एवढं मात्र सांगावंसं वाटतं की ४८ विजयांनंतर मिखालचेव्स्कीला पहिल्यांदा हरवलं ते हुलिओ गोन्झालेसने, ऑक्टोबर २००३ मध्ये. आणि त्याच गोन्झालेसला जोन्सने जुलै २००१ मध्ये तीनदा खाली पाडून आरामात हरवलं होतं. त्यामुळे ती लढत जोन्स हरला असता असं मानायला मला कारण दिसत नाही. त्याने कोणाला टाळलं यापेक्षा मला खुपतं ते हे की १९९७नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्याला खरी परीक्षा पाहणारा माणूस फारसा भेटलाच नाही. त्याच सुमारास त्याची दुसरी पद्धत तयार व्हायला हवी होती. ती कठीण लढतींतूनच तयार होते; सोप्या विजयांत तिची गरजच पडत नाही.

उतारवयातल्या पराभवांचं काय करायचं? टार्व्हरशी दुसऱ्यांदा लढायला उतरला तेव्हा जोन्सची नोंद ४९-१ होती, आणि ती एक हारसुद्धा नियमभंगाने अपात्र ठरल्याची. आज ती ६६-१० आहे. जो कॅल्झागी, डॅनी ग्रीन, डेनिस लेबेदेव्ह, एन्झो मॅकारिनेली यांच्याकडच्या हारी मी जोन्सच्या खात्यात जवळजवळ धरत नाही. ते सगळे त्याच्या सावलीशी लढले. पण टार्व्हर आणि जॉन्सन धरतो. पस्तीस हे वय बॉक्सरचं उताराचं असलं तरी मरणाचं नसतं, आणि त्या दोघांनी जे उघड केलं ते आधीपासून तिथे होतं. हा फरक करायलाच हवा, नाहीतर दोन्हीकडून चुकीचा न्याय होतो: एक बाजू सगळे पराभव माफ करते, दुसरी सगळे मोजते.

मग जागा कोणती? १६८ पौंडांच्या सुपर मिडलवेट गटात मी त्याला पहिला ठेवतो, आंद्रे वॉर्ड आणि कॅल्झागी यांच्या वर. मात्र हा गट जन्मला १९८४ मध्ये, तेव्हा इथला पहिला नंबर म्हणजे चाळीसेक वर्षांतला पहिला नंबर. १७५ पौंडांवर गोष्ट वेगळी. तिथे एझर्ड चार्ल्स आहे, ज्याने आर्ची मूरला तीनदा आणि चार्ली बर्लीला दोनदा हरवलं, आणि ज्याला त्या गटाचं विजेतेपद लढायची संधीच मिळाली नाही. तिथे खुद्द मूर आहे, जीन टनी आहे, बॉब फॉस्टर आहे, स्पिंक्स आहे. या यादीत जोन्स पहिल्या पाचांत बसवणं मला अवघड जातं. त्याने १७५ला हरवलेली माणसं त्या तोडीची नाहीत. सर्व गट मिळून विचारलंत तर पहिल्या पंचविसांत, नक्की. पहिल्या दहांत नाही. ‘फाइटर ऑफ द डिकेड’ हा नव्वदच्या दशकाचा मान अमेरिकेच्या बॉक्सिंग पत्रकारांनी त्याला दिला तो योग्यच होता, आणि २०२२ मध्ये टोनीबरोबरच तो आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये गेला.

पण कोणी मला विचारलं की १९९४च्या नोव्हेंबरातल्या त्या जोन्ससमोर १६८ पौंडांवर इतिहासातला कोणाला उभा करशील, तर मला पटकन नाव सुचत नाही. हॅरी ग्रेबचं नाव काही जुने जाणकार घेतील. ग्रेबने १९२२ मध्ये टनीला हरवलं, तो टनीचा एकमेव पराभव. पण ग्रेबच्या एकाही लढतीची चित्रफीत आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्याचे पाय कसे पडत होते हे आपल्याला कधीच पाहता येणार नाही. जोन्सचे पाहता येतात. शिखर आणि कारकीर्द अशा दोन वेगळ्या याद्या कराव्यात हे माझं जुनं म्हणणं आहे, आणि शिखराच्या यादीत जोन्स अगदी वरच्या दोन-तीन नावांत येतो.

तुम्ही स्वतः शिकत असाल, किंवा कोणाला शिकवत असाल, तर टोनीची लढत आणि ग्रिफिनची पहिली लढत लागोपाठ पाहा, आवाज बंद करून. टोनीच्या लढतीत जोन्सच्या पुढच्या पायाकडे बघा, तो टोनीच्या पुढच्या पायाच्या बाहेर किती वेळा पडतो ते मोजा. ग्रिफिनच्या लढतीत जोन्स झुकल्यावर त्याच्या टाचेकडे बघा. मग डेल व्हॅलेची आठवी फेरी, आणि त्यानंतर टार्व्हरची दुसरी. उचलायचं ते अंतर, हुली आणि ठोसा मारून रेषेबाहेर पडणं. हे मध्यम वेगाच्या मुलालाही येतं, मी शिकवलेलं आहे. हात खाली ठेवून मागे झुकणं मात्र मी कोणालाही करू देत नाही, कितीही चपळ असला तरी.